मनकर्णाबाईचं ‘नाही लागत’

तलमडुगूच्या दवाखान्याकडची अर्धी वाट सरली तेव्हा मनकर्णाबाई शेताच्या धुऱ्यावर टेकली आणि पाय लांब करून कंडक्टरच्या सात पिढ्यांचा उद्धार करू लागली. नडगीवरच्या चिंधीतून पाणी गळताना पाहून त्यानं तिला बसमधून उतरवलं होतं.

“सोता साऱ्या बसमंदी तमाखू थुकते, अन् मले म्हनते घान.”

तिच्यासोबत चंद्रभागाही उतरली होती. ती शेजारची, मराठी शाळेतली मास्तरीण. सुट्टी म्हणून मनकर्णामावशीला दवाखान्यात न्यायला निघालेली.

महारोगाचा संशय आला तेव्हा तिथं मलमपट्टी करणाऱ्या खुशालनं मनकर्णाबाईचे डोळे मिटवून तळपायाला पीस लावलं होतं. लागते का, विचारलं. नाही लागत, ती म्हणाली. खरंच लागत नव्हतं. तेवढं त्या शहाण्यानं धरून ठेवलं. पुढं नडगीवर जखमा फुटल्या, त्यांच्या कडा निखाऱ्यासारख्या जळायच्या. हा मात्र वाळलेली पट्टी कोंबडी सोलावी तशी ओढायचा. ती कळवळली की हसायचा, तूच तर म्हणाली होतीस, लागत नाही. गोळी मागितली तर म्हणायचा, महारोग्याला कसलं दुखणं, ढोंगं सारी. रोज टेबलावरच्या देवाला उदबत्ती ओवाळायचा, अन् माणूस आलं की नाकाला रुमाल. देव बिचारा निमूट बघायचा. घरातही तीच तऱ्हा. सून तोंडावर वाटेल ते बोले आणि वर म्हणे, बुढीले कुठं काय लागते.

शेवटी तिनं दवाखानाच सोडला. लुगड्याची चिंधी जखमेला चिकटली, वास सुटला, रात्रीची झोप गेली.

चंद्रभागानं मनातल्या मनात बुद्धाचं नाव घेतलं. “मावशी, असंच राह्यलं तं पाय कापा लागन.”

“कापू दे. त्या बैलापुढं रडून नाई दाखवनार मी.”

पण उठली. लंगडत, शिव्या देत दवाखान्याच्या फाटकाशी पोचली. आतून खुशालचं खिदळणं ऐकू आलं, तशी तिथंच थबकली. कुणाला हात न लावणाऱ्या मनकर्णाबाईनं चंद्रभागाचं मनगट घट्ट धरलं.

“माह्यं तो गाढव आयकत नाई, पोरी. तू मास्तरीन हाय, तुह्यं आयकन. म्हनाव, आंदी दुखन्याची गोळी दे. मंग चिंधीवर पानी टाक. अन् तू माह्यापाशीच बस. चांगली भिजल्याबिगर त्याले हात लावू देऊ नोको.”