हर्षाने वळवलेला रस्ता

पातूरकडच्या डोंगरात जमिनीखाली कोणतं खनिज आहे, ते पाहायला एक कंपनी बोअर मारणार होती. बोअरची गाडी वर चढवायची तर कच्चा रस्ता हवा. तो कुठून नेला म्हणजे जंगलाला कमी धक्का बसेल आणि कोणत्या जनावराचा वावर कुठे आहे, हे पाहून अहवाल द्यायचं काम हर्षाकडे आलं. ती मोर्शीची, अमरावतीला प्राणिशास्त्र शिकलेली. कामापुरती ती डोंगराच्या पायथ्याशी मामाकडे राहायला आली.

खुशालमामा वांगी-टमाट्याचा मळा करायचे. पावसाळ्यात गावाची वाट चिखलात बुडायची आणि तोडलेला माल बांधावरच नासायचा. कंपनीचा रस्ता गावावरून जाणार म्हणून सगळे खूश होते. आशामामी भाकर थापता थापता म्हणाली, "तूच लिवजो बाई, रस्ता आपल्या मळ्यावरूनच न्या म्हणून."

हर्षा हसली. पण डोंगराच्या सोंडेवर, नेमका जिथून रस्ता वळणार होता तिथे, एका कपारीच्या तोंडाशी तिला अस्वलाची ताजी पावलं दिसली. तिथे लावलेल्या कॅमेऱ्यात मादी आली. पाठीवर दोन पिल्लं, एकमेकांना ढकलत बसलेली.

पिल्लं मोठी होईस्तोवर सोंडेवर रस्ता नको, बोअरही नको, काम पलीकडच्या उतारावर न्यावं, असं तिने लिहिलं. कंपनीने मानलं. रस्ता पलीकडच्या गावावरून वर गेला.

"काहून केलं वं असं?" मामांनी विचारलं.

"मामा, पिल्लं मेली असती."

"अन् आमी कसे जगून राहिलो, ते नाही दिसलं तुले?"



पलीकडे गाडी धडधडू लागली. उन्हाळा लागत होता. एका सकाळी आशामामी नाल्याकाठी कोथिंबीर खुडत होती. पिल्लं घेऊन खाली उतरलेली मादी झुडपातून तिच्या अंगावर आली. मामांनी आरडाओरडा करून तिला पळवलं, पण तोवर मामीचं डोकं आणि हात फाटला होता. रुग्णवाहिका डांबरी सडकेवरच थांबली. मामीला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, हादरे खात तिथवर न्यावं लागलं. अकोल्याच्या दवाखान्यात जीव वाचला, डावा डोळा मात्र गेला.

हर्षा दुसऱ्या दिवशी एकटीच कपारीपाशी गेली. पलीकडच्या बोअरच्या गाडीचा आवाज घळीतून सरळ वर येत होता, जणू यंत्र शेजारीच उभं आहे. अंतर तिने मोजलं होतं. घळीतून आवाज कसा वाहतो, ते धरलंच नव्हतं.

ती तशीच उतरून साइटवर गेली. तिथला सुपरवायझर नितेश म्हणाला, "मॅडम, जागा तर तुम्हीच सुचवली."

"हो. चुकले मी. तसं लिहून देते. काम थांबवा."

तिला काम देणाऱ्या अमरावतीच्या संस्थेने समजावून पाहिलं की असा कागद दिला तर पुढे कुणी बोलावणार नाही. तिने दिला. गाडी खाली उतरली. गावाची जुनी वाट पक्की करावी, असंही तिने त्यात लिहिलं होतं. ते आपल्या विषयात बसत नाही म्हणून संस्थेने वगळलं.

दवाखान्यात मामीने विचारलं, "रस्ता मळ्यावरून गेला असता, तं हे टळलं असतं काय?"

"सोंडेवरून गेला असता तरी ती खालीच आली असती, मामी. पण..." हर्षा थांबली. "मले खरंच माहीत नाही."

मामी भिंतीकडे वळून पडून राहिली.

पुढे कॅमेऱ्यात मादी पुन्हा दिसली. तिच्यामागे एकच पिल्लू होतं.

हर्षाला त्या संस्थेचं काम परत मिळालं नाही. मोर्शीहून बस बदलत ती मामीला पाहायला जाते. मामी आता अंदाजाने कोथिंबीर कापते, कधी विळा बोटाला लागतो. मामा दार उघडतात, पाणी देतात आणि मळ्यात निघून जातात.