बैल जुना, कासरा नवा

नाचणगावचे भैय्याजी भाजीपाला पिकवतात, पण पंचक्रोशीत त्यांची ओळख शंकरपटाचा कॅमेरावाला अशीच. पंधरा वर्षांत कोणती बैलजोडी कोणत्या पटात कशी धावली, ते सारं त्यांनी टिपलं अन् एकाच हार्डडिस्कवर भरलं. गेल्या आठवड्यात ती डिस्क टकटक वाजायला लागली. दुसरी प्रत कुठंच नव्हती.

भैय्याजींनी ठरवलं, आता घरात सर्व्हरच बसवायचा. सारे पट एका जागी, टीव्हीवर पाहा नाही तर मोबाइलवर. डिस्क दुपट्ट्यात गुंडाळून ते देवळीला भूपेंद्रच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

भूपेंद्रनं रंगीत दिव्यांचा, काचेचा मोठा डबा पुढं सरकवला. "हे घेऊन टाका काकाजी. एकदम झकास."

"खाते किती?"

"काय?"

"करंट गा. रातंदिवस दावणीले राह्यणार हाय ते."

भूपेंद्रनं मीटर लावलं. नुसतं उभ्या उभ्या सत्तर वॅट. भैय्याजींनी मान हलवली अन् फळीवरचा एक वहीएवढा डबा उतरवायला लावला. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला. बारा वॅट. मोबाइलमधला एक पट त्यावर अर्धा तास चालवून पाहिला, बैलबाजारात फिरवावा तसा पाठीवर हात फिरवला. गडी तापला नाही.

"हाच. अन् डिस्क नव्या कोऱ्या, दोन."

"काऊन? मशीन जुनी अन् डिस्कवर पैसा लावता?"

"बैल जुना चालते बाबू, कासरा जुना नाई चालत. दुसरी डिस्क वर्ध्याले पोरीकडं ठेवतो. दोन्ही एकाच गोठ्यात कायले बांधू?"

भूपेंद्रनं टकटकणारी जुनी डिस्क केबलनं जोडली, नवी डब्यात दाबली अन् म्हणाला, "बसली."

भैय्याजींचा चेहराच उतरला. त्यांच्या मळ्यात मोटार बसते ती जळाल्यावरच. "सारेच पट गेले काय?"

"नवी बसली काकाजी, खाच्यात. जुनी चालून राह्यली अजून."

"असं नीट सांगत जाय न. माहा जीव गेलता."

एकेक पट नव्या डिस्कवर उतरू लागला. भैय्याजी स्टुलावरून हलले नाहीत. चारच्या सुमारास भूपेंद्र म्हणाला, "आले सारे." अन् दुसरी नवी डिस्क घेऊन तो परत जुनीकडंच वळला.

भैय्याजींनी त्याचा हात धरला. "दमल्या बैलाले पुन्हा जुंपू नोको. आता नवीवरून उतरव."

भूपेंद्रनं जुनीची केबल काढली. टकटक थांबली.

"आता चहा सांग," भैय्याजी म्हणाले.