रिटेकचं घड्याळ

रिटेक भित्रा होता, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पुढं लोकांनी त्याला हार घातला, टाळ्या वाजवल्या, आणि हल्ली तर नव्यानं राहायला आलेला माणूससुद्धा त्याच्याकडे बोट दाखवून म्हणतो, हाच तो, पोलिसांना न घाबरलेला. ऐकून खाल्लेलं वर यायची वेळ येते.

बसथांब्यासमोरच्या गल्लीत, सायकलच्या दुकानावर त्याचा स्टुडिओ. आत एक निळा पडदा, एक डुगडुगणारं स्टूल आणि आरशाला दोऱ्यानं बांधलेली फणी, कारण गिऱ्हाइकं फणी खिशात घालून नेत. ओळखपत्राचे फोटो हे रोजचं काम आणि लग्नाचं शूटिंग हे मानाचं. नवरी दारातून आत आली की हा म्हणणार, एकदा परत या. सही झाली की म्हणणार, एकदा परत करा. निघायच्या वेळी एका पोरीला त्यानं चार वेळा रडायला लावलं. पाचव्यांदा तिला हसू फुटलं, आणि ते हसू तिच्या सासूनं जन्मभर उकरून काढलं. तेव्हापासून नाव पडलं ते रिटेक. आईनं ठेवलेलं नाव आता त्याच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, तेवढं ठाऊक असेल.

त्याला आणखी एक खोड होती. एका लग्नात हॉलची वेळ संपली, हॉलवाल्यानं दिवे घालवले, आणि मुलीच्या बापानं सगळं खापर ह्याच्या डोक्यावर फोडलं. शूटिंगवाला उशिरा आला म्हणून सगळं लांबलं म्हणे. चारचौघांत कॉलर धरली. त्या दिवसापासून रिटेक घड्याळाशिवाय काही टिपत नसे. नवरी आली की कॅमेरा भिंतीवरच्या घड्याळावर. सही झाली, घड्याळ. पंगत बसली, घड्याळ. उद्या कोणी बोट दाखवलंच तर आपण वेळेवर होतो हे दाखवता यावं. कॅमेऱ्याच्या पोटातली वेळ लावायची कशी हे त्याला कधी उमगलं नाही, म्हणून भिंतीवरच्या घड्याळांचा आधार. होता होता ही खोड इतकी अंगात मुरली की घड्याळ टिपलंय हेसुद्धा त्याच्या ध्यानात राहीना. खाजलं की हात जातो तसा कॅमेरा जायचा.

पोलिसांचं शूटिंगही तोच करायचा. ठाण्याचा स्वतःचा कॅमेरा होता, पण तो कपाटात, आणि कपाटाची किल्ली बदली झालेल्या हवालदाराबरोबर गेलेली. मग कुठं धरणं असलं, मोर्चा असला की रिटेकला बोलावणं यायचं. बाकीचे शूटिंगवाले काही ना काही निमित्त सांगत. उद्या ज्यांच्या लग्नात जेवायचं त्यांचीच तोंडं आज पोलिसांना कशी दाखवायची, एवढी लाज त्यांना होती. रिटेकला जीपमध्ये पुढं बसायला मिळायचं, ह्यातच त्याचं पोट भरायचं. उतरताना जीपचं दार असं आपटायचा की बघणाऱ्याला वाटावं, चोर ह्यानंच धरून आणलाय.

वरच्या अंगाला कापड रंगवायचा कारखाना होता आणि त्याचं पाणी सुटायचं ओढ्यात. आज आत कुठला रंग चढतोय ते खालच्या वस्तीला आधी कळायचं. सोमवारी ओढा जांभळा, बुधवारी हिरवा, आणि मोठी मागणी आली की आठवडाभर लाल. कारखान्याचे लोक सांगत की आम्ही पाणी स्वच्छ करूनच सोडतो. स्वतःला प्यायला मात्र बाहेरून बाटल्या आणत. का आणता म्हणून विचारायला गेलं की फाटकावरचा पहारेकरी विचारणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचा.

आक्का सरकारी दवाखान्यात नर्स. अठरा वर्षं तिथंच. ओढ्यात उतरलेल्या पोरांच्या पोटऱ्यांवर चट्टे उठायचे, ते धुवायला तीच. कुठलं पोर, कधी आलं, त्या दिवशी ओढ्याचा रंग कोणता, असं तिनं दोन वर्षं वहीत लिहून ठेवलं आणि त्याची नक्कल वरच्या कचेरीत पाठवली. पाच महिन्यांनी उत्तर आलं, मुलांना साबण लावण्याची सवय लावावी. ते उत्तर तिनं खिळ्याला टोचून दवाखान्याच्या दारात लावलं. त्याच्या पुढच्याच आठवड्यात वस्तीतल्या बायकांनी कारखान्याच्या फाटकासमोर बसायचं ठरवलं.

रीतसर अर्ज केला. परवानगीही मिळाली, दहा ते एक. पन्नासच्या वर माणसं नकोत, रस्ता अडता कामा नये, घोषणा हळू आवाजात. हळू म्हणजे किती, असं एकीनं विचारलं तेव्हा ठाणेदार म्हणाला की मला ऐकू येणार नाही इतकी. शांततेनं विरोध करायचा हक्क प्रत्येकाला आहे, हे तो मोठ्या मनानं मान्य करायचा. विरोध दिसला किंवा ऐकू आला की शांतता मोडली, एवढंच त्याचं म्हणणं.

त्या दिवशी अठ्ठेचाळीस बायका बसल्या. प्रत्येकीच्या मांडीवर ओढ्याच्या पाण्याची काचेची बरणी, ज्या दिवशी भरली त्या दिवसाच्या रंगाची. आक्का पुढं, वही उघडून, एकेका पोराचं नाव वाचत होती. ना कुणी ओरडत होतं, ना कुणी रस्त्यात होतं. पण कारखान्याच्या मॅनेजरला गाडी बाहेर काढायची होती आणि रंगीत बरण्यांमधून गाडी नेताना त्याला कसंतरी होत होतं. त्यानं फोन केला. ठाणेदार उतरला, हातातल्या काठीनं पहिली बरणी फोडली, आणि मग बाकीच्या पोलिसांनीही हात साफ करून घेतले. रिटेक जीपच्या बॉनेटवर उभा होता. काठी पडली तशी त्याची खोड जागी झाली आणि कॅमेरा फाटकावरच्या मोठ्या घड्याळावर गेला. अकरा वाजून दहा मिनिटं.

रस्त्यावर सगळे रंग एकात एक मिसळले. एका म्हातारीचं मनगट मोडलं. पंधरा मिनिटांनी तिचा मुलगा धावत आला, आईला बघितलं आणि लांबूनच एक दगड भिरकावला. जीपची काच गेली. आक्का हात वर करून मध्ये उभी राहिली आणि त्याला थांब म्हणून ओरडली. पोरगा गल्लीत पळाला. रिटेकनं दगड घेतला, आक्काचा वर गेलेला हात घेतला, आणि अर्थातच घड्याळ घेतलं. अकरा पंचवीस.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या मागच्या खोलीत फिल्म जुळवायला बसले. दारात बसलेल्या हवालदारानं हे सगळं पुढं आक्काला आणि मलाही सांगितलं, आणि त्याला खोटं बोलण्याइतकी अक्कल नाही. ठाणेदाराचं मागणं साधं होतं. दगड आधी, काठ्या नंतर. रिटेकला ह्यात वावगं काहीच वाटलं नाही. लग्नात तो हेच करायचा, एकाच्या लग्नातले हसरे पाहुणे दुसऱ्याच्या लग्नात बसवायचा. अर्ध्या तासात त्यानं उलटापालट करून दिली. दगड कुणी मारला ते कॅमेऱ्यात नीट आलं नव्हतं. त्याच्या लगोलग दिसत होती ती हात वर केलेली बाई.

"ही कोण?" ठाणेदारानं विचारलं.

रिटेकनं फिल्म तिथंच थांबवली. जिनं ह्याला बोट धरून शाळेत नेला, ताप आला की रात्र रात्र उशाशी बसली, ती पडद्यावर हात वर करून उभी होती.

"ओळखत नाही, साहेब," तो म्हणाला.

बहीण म्हणाला असता तर वाचली असती. आपल्याच शूटिंगवाल्याची बहीण म्हटल्यावर केस लंगडी पडते, तेव्हा ठाणेदारानं दुसरं कुणीतरी शोधलं असतं. पण कुणाची कुणी नाही म्हटल्यावर त्याला बरंच झालं. परवानगीच्या अर्जावर पहिलंच नाव आक्काचं होतं, दगड मारणारी म्हणून तेच लागलं. आपण शहाणपणा केला असं रिटेकला वाटत होतं, तसंच तोंड करून तो पुढं कामाला लागला. दगडानंतर त्यानं लग्नाच्या फिल्मच्या सवयीनं पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या उघडून पुढचं दृश्य आणलं होतं. ठाणेदार खेकसला, पाकळ्या काढ. पाकळ्या काढल्या. मग ठाणेदारानं फिल्म तीनदा बघितली आणि तिन्ही वेळा स्वतःलाच बघितलं. पोट आत ओढलेलं आहे ना, टोपी सरळ आहे ना. घड्याळ दोघांच्या डोळ्यांसमोरून तीनदा गेलं.

आक्काला दोन दिवस कोठडीत ठेवलं. सुटून आली तर दवाखान्याच्या टेबलावर कागद. निकाल लागेपर्यंत कामावर यायचं नाही, आणि शिक्षा झालीच तर नोकरी कायमची गेली. दवाखान्यात मलमपट्टीला आता झाडूवाली होती. रिटेक त्या दिवसांत लांबच्या रस्त्यानं स्टुडिओत जायचा, कारण जवळचा रस्ता आक्काच्या दारावरून होता. आक्कानं कुणापाशी त्याचं नाव काढलं नाही. बायकांनी काढलं तर ती उठून आत जायची.

कोर्टात पडदा लावून फिल्म दाखवली. न्यायाधीश बाई वयानं मोठ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दगड आला, आक्काचा हात आला, घड्याळ आलं, काठ्या आल्या, पुन्हा घड्याळ आलं. सरकारी वकील म्हणाला की पोलिसांनी नाइलाजानं, दगडफेकीनंतरच सौम्य बळ वापरलं. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"तेवढं घड्याळ परत एकदा दाखवा."

दाखवलं. दगडाच्या वेळी अकरा पंचवीस, काठ्यांच्या वेळी अकरा दहा. खोलीत कुणीतरी फसकन हसलं आणि खोकल्याचं सोंग केलं. सरकारी वकिलानं जरा वेळ कागद चाळले आणि सांगितलं की कारखान्याचं ते घड्याळ बिघडलेलं आहे. मग त्याच्याच साक्षीदारांत बसलेल्या मॅनेजरला बाईंनी उभं केलं आणि घड्याळाचं विचारलं. मॅनेजरला वाटलं कारखान्याच्या शिस्तीवर शिंतोडे उडताहेत. त्यानं छाती काढून सांगितलं की बारा वर्षांत ते घड्याळ मिनिटभर इकडंतिकडं झालेलं नाही, आणि त्यावरूनच आम्ही पाच मिनिटं उशिरा आलेल्या कामगाराचा अर्धा दिवस कापतो. वकील खाली बसला.

आक्का सुटली. फिल्म उलटी जोडलीय आणि बसलेल्या बायकांनी परवानगीतली एकही अट मोडली नव्हती, असं बाईंनी निकालात लिहिलं. ठाणेदाराला समज मिळाली. म्हणजे वरच्या साहेबानं चहा पिता पिता त्याला सांगितलं की पुढच्या वेळी जरा बघून.

समज मिळाल्याच्या संध्याकाळी ठाणेदारानं रिटेकला बोलावून कानाखाली एक अशी वाजवली की डाव्या कानात भुंगा शिरला. आणि त्याच आठवड्यात वस्तीतल्या पोरांनी त्याचा सत्कार ठेवला. जिवाची पर्वा न करता शूटिंगवाल्यानं फिल्ममध्ये मुद्दाम घड्याळ ठेवलं, अशी हवा झालेली. रिटेक आधी बावचळला. मग सुजलेल्या कानावर हात ठेवून माइकसमोर उभा राहिला आणि म्हणाला की कलावंताला सत्य लपवता येत नाही. बायका टाळ्या वाजवत होत्या. मनगटाला प्लास्टर घातलेली म्हातारी एका हातानं मांडीवर थापा मारत होती. मी उठून चाललो तर शेजारच्यानं मलाच दटावलं.

आक्का सत्काराला आली नव्हती. ती दवाखान्यात पुन्हा रुजू झाली होती आणि कानात भुंगा घेऊन रिटेकला तिथं जाणं भागच होतं. रांगेत उभा राहिला. नंबर आला तशी तिनं मान वर न करता नाव विचारलं. त्यानं सुजलेला कान पुढं केला. तिनं पुन्हा विचारलं, आणि शेवटी आईनं ठेवलेलं नाव स्वतःच कागदावर लिहून त्याला बाकावर आडवं व्हायला सांगितलं. थेंब घालताना तिचा हात नेहमीसारखाच सावकाश होता.

"आक्का, घड्याळ मी तुझ्यासाठीच ठेवलं गं."

तिनं कापूस लावला.

"खरंच ठेवलं."

"हलू नको," आक्का म्हणाली. "आणि बाहेर जाऊन ह्या बाईला ओळखत नाही म्हणून सांग. तेवढं तुला चांगलं जमतं."

ह्यावर कुणालाही वाटेल की गडी सुधारला असेल. महिन्याभरात बायका पुन्हा बसल्या, कारण ओढा अजून जांभळाच होता, आणि पोलिसांच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर रिटेक होताच. कपाटाची किल्ली अजून सापडली नव्हती. ह्या खेपेला ठाणेदारानं त्याला वाटेतच बजावलं होतं की फिल्ममध्ये एक जरी घड्याळ दिसलं तरी दुसरा कानही घालवीन. कारखान्यानं तर फाटकावरचं घड्याळच उतरवलं होतं. भिंतीवर गोल पांढरा डाग उरला होता.

जीप वळणावरून आली आणि ठाणेदाराचा हात काठीवरच राहिला. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस बायकांच्या मांडीवर घड्याळ. भिंतीवरची काढून आणलेली, गजराची, एकीचं तर कोंबडा डोलणारं. म्हातारीनं प्लास्टरवरच मनगटी घड्याळ बांधलेलं. सगळी मिळून टिकटिक अशी की घोषणांची गरज नव्हती, आणि घड्याळाचा आवाज हळू ठेवा असं परवानगीत कुठं लिहिलेलं नव्हतं. आक्का पुढं, स्वयंपाकघरातलं घड्याळ गुडघ्याला टेकवून, वही वाचत होती. दहाला बसल्या, एकला उठल्या. मधल्या तीन तासांत एकही काठी वर गेली नाही.

आणि रिटेक बॉनेटवर उभा होता. कॅमेरा कुठंही फिरवला तरी घड्याळ, आणि हात तर सारखा तिकडंच ओढ घेत होता. शेवटी त्यानं मान मागं टाकली आणि एक वाजेपर्यंत आभाळाचं शूटिंग केलं.