किसनभाऊनं कबूल केलेली दारू

किसनराव माहा मोठा भाऊ. वांगे अन् सांभार, म्हंजे कोथिंबीर, असा मळा करते. माणूस इतका गरीब का बैलालेही मोठ्यानं हाकलत नाई. विमलवहिनी मात्र उलटी. गावातलं दारूचं दुकान बंद करासाठी बायकायचं मतदान झालं, तवा आडव्या बाटलीवर शिक्के माराले तिनंच घरोघरच्या बाया बाहेर काढल्या. दुकान बंद झालं. बेवडे अजूनही तिले पाहून रस्ता बदलते.

अशा घरात चिखलीहून सोनोग्राफीचा रिपोर्ट आला. भाऊचं पोट जड राहे, म्हणून मीच नेलं होतं. डॉक्टरनं पोटावर मशीन फिरवली, पडद्याकडे पाह्यलं अन् विचारलं, "लिव्हरवर सगळीकडे चरबी आहे, जरा खरखरीतही दिसतंय. किती घेता?"

"काय घेतो?" भाऊ म्हणे.

डॉक्टर हासला. असे लय पाह्यले असतील त्यानं.

घरी वहिनीचं डोकंच फिरलं. भाऊ म्हणे, "मी थेंबही नाई चाखला." वहिनी म्हणे, "मंग मशीन काऊन खोटं बोलीन?" तिनं धान्याची कोठी उपसली, कडब्यात हात घातला, भाऊचं तोंड हुंगलं. काहीच सापडलं नाई, तर तिचा संशय अजून वाढला! मी चिडलो, "वहिनी, काहीतरीच काय!" पण आतून मीही चक्रावलो. दिवसभर मी त्याच्यासंगं मळ्यात. मंग हा पेते कवा, कोणासंगं? अन् नाई पेत, तर लिव्हर कसं गेलं बाप्पा?

वहिनीनं अन्न सोडलं. "आता गावाले कोणतं तोंड दाखवू?" म्हणे. चार दिवस नुसत्या चहावर. पाचव्या दिवशी भाऊ ओट्यावर बसला अन् म्हणाला, "हो. पेत होतो. सोडली."

वहिनी रडली, शिव्या देल्या, मंग भाकर घेऊन बसली. मले तर काहीच उमजेना. कुठं पेत होता विचारलं, तर म्हणे, "जाऊ दे ना बे."

वहिनीनं भाऊले परत डॉक्टरकडे नेलं, त्याच्यासमोर हो म्हणाले लावलं अन् कागदावरही 'दारू पेत होता' असं लिहून घेतलं. सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी ठरली. तोवर भाऊ वाळत गेला, तांब्यावर तांब्या पाणी पेये. दारू सुटली का असंच होते, असं वहिनीचं म्हणणं. ताकद यावी म्हणून वहिनी रोज गुळाचा शिरा खाऊ घाले.

दुसऱ्या सोनोग्राफीले डॉक्टरच गोंधळला. "आधीपेक्षा वाईट दिसतंय. खरं सांगा, अजून चालू आहे?"

"नाई साहेब, मी रोज तोंड हुंगते," वहिनी बोलली.

"मग सोडूनही असं कसं? कधीपासून पीत होता?"

भाऊ छताकडे पाहे. "कधीच नाई साहेब."

"मग मागच्या वेळी हो का म्हणालात?"

"ही जेवत नव्हती."

डॉक्टरनं चष्मा काढला. "अहो, न पिणाऱ्याचंही लिव्हर असं होतं. वजनानं, साखरेनं. मशीनीत चरबी दिसते, कशानं चढली ते दिसत नाही. अन् मीही दारू ऐकली आणि साखर तपासलीच नाही. चुकलंच माझं."

तिथंच बोट टोचलं. साखर साडेतीनशे निघाली.

 शिरा वहिनीनंच चारला होता, रोज, दोन्ही हातानं. "अहो, खोटं काऊन बोलले तुमी?" वहिनी हुंदके देत म्हणे.

भाऊ सदऱ्याच्या गुंड्या लावत होता. "पहिल्या दिवशी खरंच सांगतलं होतं ना तुले," तो म्हणाला.