घोट्यावरचा काळा दोरा

आण्णाला, माझ्या थोरल्या भावाला, लिव्हर सिरोसिस झाल्याचं कळलं तेव्हा तो हसला होता. "थेंबाला शिवलो न्हाय, आन् दुखणं दारुड्याचं!" जुन्या काविळीनं लिव्हर आतून निबर केलं होतं. उपचारासाठी मी त्याला गावाहून, मैंदर्गीहून, शहरात सात रस्त्याजवळच्या माझ्या घरी आणलं. निघताना अव्वानं, आमच्या आईनं, त्याच्या दोन्ही घोट्यांना आमच्याच मेंढीच्या काळ्या लोकरीचा दोरा बांधला. दृष्ट लागू नये म्हणून. दोन्हीकडं सारखाच सैल.

डॉक्टर म्हणाले, याचं रक्त लवकर गोठत नाही, जपा. मी जपलं, वस्तरा लपवला, मऊ ब्रश आणला. ते पुढं पायाबद्दल काही सांगत होते, तेव्हा माझा फोन वाजला आणि मी बाहेर गेलो.

एका दुपारी बघतो तर डाव्या घोट्यावरचा दोरा दिसेना. मांसात बुडाला होता. उजवा तसाच सैल. डावा पाय टम्म, चकाकणारा, गरम. दुसऱ्याच कुणाचा तरी आणून जोडल्यासारखा.

"अव्वाचा दोरा आखडला का रं?" आण्णानं विचारलं.

"दोरा न्हाय, पाय सुजलाय. लिव्हरची सूज. चोळतो की."

लिव्हरची असती तर दोन्ही पायांना आली असती, हे तेव्हा सुचलं नाही. अव्वानं माप बांधून दिलं होतं, ते मी कात्रीनं कापलं. कोमट एरंडेल घेऊन पोटरी चोळली. आत दोरीसारखं काही लागलं. शीर चढली असेल म्हणून तिथंच अंगठा दाबला.

"लई बरं वाटतंय," तो म्हणाला. मग एकदम उठून बसला. "दारात कोन हाय?"

दारात कोणी नव्हतं. त्याला श्वास पुरेना. रिक्षात त्याचा हात माझ्या हातातच गार पडला.

"रक्त गोठवणारं आणि गोठू न देणारं, दोन्ही लिव्हरच बनवतं," डॉक्टर नंतर म्हणाले. "ते बिघडलं की रक्त वाहतंही आणि गाठही धरतं. पायातली गाठ फुप्फुसात गेली असणार. एकच पाय सुजला तर लगेच आणा, म्हणालो होतो."

"चोळल्यानं सुटली का?"

"सांगता येत नाही."

शेवटची अंघोळ घालताना अव्वानं विचारलं, "ह्या पायाचा दोरा कुटं हाय?"

"काचत होता. कापला."

चोळल्याचं तिला अजून सांगितलेलं नाही. तेराव्यानंतर तिनं माझ्या घोट्यांना दोरे बांधले, सारखेच सैल. रोज सकाळी मी त्यांत बोट घालून बघतो. कधी कधी डाव्यात बोट जात नाही.