हौसाबाईची पाठ

घोडबंदर रस्ता सोडून खाडीकडे उतरलं की बांधाच्या आड बारा घरांचं एक गाव होतं. त्या गावात न्याय म्हणजे हौसाबाईची पाठ.

माघात ओहोटी लागली की बांधाचं लाकडी दार उघडायचे आणि आत अडलेली मासळी जाळ्यात यायची. देवळासमोरच्या ओट्यावर तिचे बारा वाटे पडायचे. हौसाबाई देवळाच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. मागून कोणीतरी एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, "हा कुनाचा?" ती एक नाव घ्यायची. मोठा जिताडा कोणाला गेला आणि चिखलातल्या नुसत्या बारक्या निवट्यांवर कोणाची बोळवण झाली, हे तिला दिसत नसे. म्हणून कोणी तोंडातून शब्द काढत नसे. भाताची खाचरंही तशीच. जमीन मुंबईच्या एका शेठची, कसणारी बारा घरं. कोणी कोणता तुकडा लावायचा ते दर ज्येष्ठात याच भिंतीपाशी ठरायचं.

सासूनंतर हे काम हौसाबाईकडे आलं, त्याला तीस वर्षं झाली होती. तिला त्याचा अभिमान होता, जरा जास्तच. ठाण्याच्या बाजारातसुद्धा ती दुसऱ्याच्या टोपलीत डोकावत नसे.

सत्तावन्न साली कूळकायद्याने जमीन कसणाऱ्यांच्या नावावर व्हायची वेळ आली. गावचा पंच गुणाजी ठाण्याला जाऊन आला. तुकड्यांची अदलाबदल आता बंद, कोणता कोणाचा ते कायमचं लिहून आणा, असं कचेरीत सांगितलं होतं. वैशाखात सारे देवळापुढे बसले.

"ज्याच्या घरात खानारी तोंडं जास्त, त्याला मोठा तुकडा," पंढरी म्हणाला.

"तुझ्या घरात नऊ हायत, म्हनून सुचलं तुला," गोपीनाथ म्हणाला. "मी म्हनतो, ज्याचे बैल त्याची जमीन. बैल नाय तो काय दातांनी नांगरनार?"

पायरीवर गोपीनाथची भावजय तुळसा बसली होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झालेली, पदरात तीन मुली. दिरापासून तिची चूल वेगळी होती आणि बारा वाट्यांत एक वाटा तिचा होता. ती म्हणाली, "बांधाला ज्याच्या हातचा चिखल लागलाय, त्याचा वाटा. एकोनपन्नास साली बांध फुटला, तवा पान्यात कोन उभं होतं ते सांगा."

"मला ताप होता," गोपीनाथ म्हणाला.

"होता ना भावजी. भरती उतरली तसा तोबी उतरला."

माणसं हसली. त्या भरतीत तुळसाने कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून चिखलाची ढेपळं रचली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. गोपीनाथ मात्र हसला नाही. वाद वाढला, तेव्हा गुणाजी म्हणाला, "हौसामावशीच्या पाठीवर सोडा." ते सगळ्यांना पटलं. सर्वांत आधी मान हलवली ती तुळसाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुणाजी हौसाबाईच्या ओसरीवर आला. कोणती नावं कोणत्या क्रमाने घ्यायची ते त्याने एकदा वाचून दाखवलं. ती बोटांवर मोजत होती. अकराच भरली.

"तुळसा?"

"ती गोपीनाथच्या नावात आली. तिच्या पोरी उद्या लगीन होऊन जानार, मग जमीन परगावच्या जावयाला द्यायची?"

"मग बारावा तुकडा कुनाचा?"

"देवाचा."

"देव नांगर धरनार?"

"माझे बैल हायत की," गुणाजी म्हणाला. मग उठता उठता म्हणाला, "तुझ्या पोराचं, राघोचं नाव चौथं हाय. आनि मावशी, यादी तू केली नायस. तू फकस्त पाठ करायची."

खरंच तिने यादी केली नव्हती. भात कांडताना ती हेच मनाशी घोकत राहिली. मुसळाच्या प्रत्येक घावाला एक नाव. अकरा घाव झाले की पुन्हा पहिल्यापासून.

ओट्यावर बारा दगड मांडले, एकेका तुकड्याचा एकेक. हौसाबाई भिंतीकडे वळली. मागून दगडांवर बोट ठेवायला गुणाजी होता. "हा कुनाचा?" "पंढरीचा." "हा?" "गोपीनाथचा." राघोचं नाव तिने घेतलं तेव्हा मागे कोणीतरी हळूच शीळ घातली. गोड्या विहिरीलगतचा तुकडा त्याला गेला होता. अकरा दगड झाले.

"हा कुनाचा?"

मागे तुळसाची धाकटी खोकत होती. हौसाबाईच्या जिभेवर नाव आलं. तिने ते गिळलं.

"देवाचा," ती म्हणाली.

तुळसाने आरडाओरडा केला नाही. माणसं पांगल्यावर ती हौसाबाईपाशी आली. "तू कदी बगितलं नायस म्हनून आमी तुला मानलं," ती म्हणाली. "आज बगायचं होतंस गो, मावशी."

मग ती पायी ठाण्याला गेली. कचेरीत तिसऱ्या दिवशी तिचा नंबर लागला. कारकुनाने गावचा कागद काढला. खाली अकरा अंगठे होते आणि साक्षीला हौसाबाईचा. "सगळ्यांच्या संमतीने झालंय, बाई," तो म्हणाला. "आणि पाठमोरं उभं राहून. इतकं निःपक्षपाती वाटप मी तालुक्यात पाहिलं नाही. तुमची तक्रार नेमकी कशावर आहे?"

नेमकी कशावर ते तुळसाला त्याच्या भाषेत सांगता आलं नाही. पाऊस लागायच्या आत ती मुलींना घेऊन खडवलीला भावाकडे गेली. तिच्या घरात गोपीनाथने पेंढा भरला.

राघोच्या तुकड्यात त्या वर्षी भात चांगलं पिकलं. हौसाबाईने ते खाल्लं. घशात अडकावं अशी तिची फार इच्छा होती, पण अडकलं नाही.

माघात दार उघडलं. मासळी ओट्यावर आली. आता वाटे अकराच होते. हौसाबाई भिंतीकडे वळून उभी राहिली.

"हा कुनाचा?"

"तुळसाचा."

दोघं तिघं हसले. "मावशी, तुळसा खडवलीला," पंढरी म्हणाला. "बरं, हा कुनाचा?"

"तुळसाचा."

"आनि हा?"

"तुळसाचा."

आता कोणी हसत नव्हतं. गुणाजीने राघोला खूण केली. "म्हातारी चळली. घरी ने तिला. कलावती, तू उभी राहा गो." पंढरीची बायको कलावती लगबगीने पदर खोचत भिंतीपाशी आली.

राघोने आईचा दंड धरला. जाताना ती वळली आणि तीस वर्षांत पहिल्यांदा तिने ओट्यावरचे वाटे पाहिले. अकरा ढीग, सारखे, निगुतीने घातलेले. नाव ठेवायला कुठे जागा नव्हती.