माझं आजारपण आणि दत्तूचं लग्न

लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी मरायला टेकले होते. ही बातमी गावात सगळ्यांत शेवटी मला कळली.

कळली तेव्हा मी ऐनाच्या झाडावर होते. आमच्या मेढ्याकडच्या डोंगरात भाताचं रोप टाकायच्या आधी डहाळ्या पसरून जमीन भाजतात, त्या डहाळ्या तोडत होते. खालून आमचे मालक ओरडले,

"आगं ए, उतर खाली!"

"का वं?"

"तू अंथरुणाला खिळलीयास."

"कवापास्नं?"

"गेल्या बाजारापास्नं. दत्तू गावात पोचला बी. उतर आन् नीज!"

झाडाच्या बुंध्याशी माझा धाकटा भाऊ बापू उभा होता. बापूला बघितल्यावर मला निम्मं समजलं. उरलेलं मालकांनी घराकडे पळता पळता सांगितलं. आमचा पोरगा दत्तू फौजेत मोटारी चालवायचा. लढाई संपली तरी त्याला रजा मिळेना. इकडे बापूची पोरगी शांता लग्नाला आलेली, आणि मामाची पोरगी घरात आणायची हे दोघं पाळण्यात असतानाच ठरलेलं. (पाळण्यातल्यांना कुणी विचारलं नव्हतं.) लग्नाला रजा मिळत नाही, पण आई मरत असेल तर मिळते, असा शोध बापूनं लावला आणि मालकांकडून परस्पर तार करवली.

"मग मला आधी सांगायचं न्हाई व्हय?"

"तुला सोंग जमायचं न्हाई म्हणून सांगितलं न्हाई," बापू म्हणाला. "आता नुसतं कण्हायचं. खरं कळलं तर पोराला खोट्या रजेपायी साहेब कोठडीत घालील. ध्यानात ठेव, आक्का!"

पोराची कोठडी डोळ्यांपुढं उभी राहिली. मी केसातला पाला तसाच ठेवून गोधडीत शिरले आणि कण्हायला लागले.

दत्तू आला. ट्रंक दारात टेकवून माझ्याजवळ बसला. "आये, काय हुतंय?"

मालक म्हणाले, "पोटात." बापू म्हणाला, "छातीत." दोघांचा मान राखावा म्हणून मी खोकले आणि पोट धरलं.

दत्तूनं माझ्या केसातलं पान काढलं, उलटंपालटं करून बघितलं आणि गंभीरपणे म्हणाला, "लय वाढलंय दुखणं. हितं भागायचं न्हाई. सांगलीला मोठ्या दवाखान्यात न्यायचं."

"सांगली?" बापू किंचाळला. "आरं, साताऱ्यात बी दवाखाना हाय की! आन् येत्या शुक्रवारी..."

"शुक्रवारी काय हाय, मामा?"

"...उपास," बापू म्हणाला.

मग काय विचारता! मेढ्यापर्यंत डोलीतून, साताऱ्यापर्यंत मोटारीतून आणि पुढं आगगाडीतून माझी रवानगी झाली. डोलीला खांदा देणाऱ्यांपैकी दोघे कण्हत होते, मी गप्प होते. मग मालकांनी चिमटा काढला, तेव्हा मीही कण्हले. आगगाडीत डब्यातल्या बाया माझ्याकडे बघून डोळे पुसत होत्या. एकीनं तर माझ्या नावानं देवाला नारळ बोलला. त्या नारळाचं पुढं काय झालं ते माहीत नाही.

सांगलीच्या डॉक्टरांनी मला सगळीकडून बडवून बघितलं आणि म्हणाले, "सध्या फक्त पेज द्या."

फक्त पेज! मी डोंगरातली बाई. पहाटे दोन भाकरी खाल्ल्याशिवाय माझा पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला खरोखरच अशक्तपणा आला. आणि नेमका त्याच वेळी शेजारच्या खाटेवरून बाजरीच्या भाकरीचा वास आला.

त्या खाटेवर आटपाडीकडची एक म्हातारी होती. डोळ्यांचं काम होतं तिचं. दोन्ही डोळ्यांना पट्ट्या. तिची नात हौसा तिच्या सेवेला राहिली होती. दवाखान्याच्या मागं चूल मांडून रोज भाकऱ्या थापायची. तिनं आजीजवळ भाकरी आणि लसणाचा ठेचा ठेवला आणि पाणी आणायला गेली. आजीला दिसत नव्हतं. मला दिसत होतं. यापुढं मी काही सांगत नाही.

अर्धी भाकरी पोटात गेली असताना मागून आवाज आला, "मावशी, मरणाऱ्या माणसाला येवढा ठेचा लागतो व्हय?"

घास घशात अडकला. डोळ्यांतून पाणी. हौसानं तांब्या पुढं केला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "दमानं खावा. उद्यापास्नं तुमची येगळी थापते."

तिला मी सगळं सांगून टाकलं. तार, बापू, शांता, कोठडी. पोरगी पदर तोंडात कोंबून हसली. "कुनाला सांगू नगंस हां!" मी म्हणाले. "माजी जीब झडली तरी न्हाई," ती म्हणाली.

तेव्हापासून माझी तब्येत सुधारायला लागली. रोज दुपारी दत्तू बाहेर गेला की हौसा भाकरी आणायची आणि दारात राखण करायची. दत्तू परत आला की मी पुन्हा मरायला लागायचे. तो हौसाला म्हणायचा, "तुमच्यामुळं आमची आये जगली बगा." हौसा म्हणायची, "माज्या हातात काय हाय? खाल्लेलं त्यास्नी ताकद देतंय." मी गोधडीतून डोळे वटारायचे. हळूहळू दोघं माझ्या तब्येतीबद्दल व्हरांड्यात जाऊन बोलायला लागली. मग विहिरीवर. मग घाटावर. माझी तब्येत एवढी बिघडलीय हे मलाच ठाऊक नव्हतं.

आणि शुक्रवार जवळ आला तसा बापू सांगलीत उगवला. दत्तू समोर नाही असं बघून माझ्या कानाशी वाकला. "आक्का, बरी हो आता! मांडव घातलाय, आचारी सांगितल्यात!"

"कशी हू बरी? पोराला कोठडी व्हईल म्हनलास की!"

"हळूहळू बरी हो. पर उद्यापत्तुर हो!"

इतक्यात हौसा धावत आली. तोंड एवढंसं झालेलं. "मावशी, घात झाला! दागदर म्हणत्यात, दुखणं घावत न्हाई. उद्या सकाळी प्वाट फाडून बगणार!"

मी बापूकडे बघितलं. बापूनं छताकडे बघितलं. "बारीक फाडतील," तो म्हणाला.

सख्खा भाऊ! मी रात्र कशी काढली ते सांगत नाही. सकाळी दोन माणसं चाकाची गाडी घेऊन दारात आली. (ती म्हातारीला पट्टी सोडायला न्यायला आली होती, हे मला नंतर कळलं.) गाडी दिसली, आणि मी उठले ते थेट पळत सुटले.

व्हरांडा, पायऱ्या, फाटक, रस्ता! मागून दत्तू ओरडतोय, "आये, थांब!" त्याच्या मागं बापू, त्याच्या मागं हौसा. मरायला टेकलेली बाई पुढं आणि फौजेतला गडी मागं! रस्त्यातले लोक वाट करून देत होते. मी जन्मभर डोंगर चढलेली. सपाटीवर मला कोण धरणार? पेठेत शिरले. तिथं अडत्यांच्या दारात हळदीचे ढीग लागलेले, बाजूला दळलेली हळद पोत्यांत भरणं चाललेलं. मी वळणावर मागं बघितलं, तेवढीच चूक झाली. पाय घसरला आणि मी दळलेल्या हळदीत तोंडावर आडवी.

"ओ बाई, ओ बाई! माल जातोय माझा!" अडत्या ओरडला.

मी उठून बसले. नखापासून केसापर्यंत पिवळी. भोवती बाजार जमलेला. दत्तू धापा टाकत समोर उभा. आता पोट वाचवायचं की पोरगा? माझ्यानं राहवलं नाही.

"मला काय बी झालेलं न्हाई रं! ह्या बापूनं तुज्या लग्नासाठी तार करवली! मी धडधाकट हाय! माजं प्वाट फाडू नगा! काय कोठडी द्यायची ती मला द्या म्हनावं!"

दत्तू माझ्याशेजारी उकिडवा बसला आणि शांतपणे म्हणाला, "मला ठावं हाय, आये."

"कवापास्नं?"

"तार आली तवापास्नं. त्या म्हयन्यात निम्म्या पलटणीची आई मरायला लागली हुती. साहेबानं तार वाचली आन् इचारलं, 'माँ बीमार है, या शादी है?' म्हनलं, शादी असंल साहेब. हसून रजा दिली."

"मग मला सांगलीला कशापायी आणलंस रं मुडद्या?"

"शांता मला भैणीवाणी हाय. शुक्रवार टळावा म्हणून आणलं. आन् मग..." त्यानं हौसाकडे बघितलं. हौसा हळदीच्या पोत्याकडे बघत होती. "मग घाई ऱ्हायली न्हाई."

"आन् प्वाट फाडायचं?"

"ते हिनं काढलं. म्हनली, मामाम्होरं तुज्याच तोंडातनं खरं आलं, म्हंजी मग आपल्याला बी खरं सांगता यील."

"आगं, जीब झडली तरी सांगणार न्हवतीस ना?" मी हौसाला विचारलं.

"मी कुठं सांगितलं, मावशी? ह्यास्नी आधीच ठावं हुतं. बाजरीचं पीठ ह्येच आणून देत हुते."

म्हणजे मी पोराला चोरून जे खात होते, ते पोरगाच आणत होता! बापू तिथंच पोत्यावर बसला. पुढं वर्षभर तो आमच्याशी बोलला नाही. शांताला मात्र मी जाऊन भेटले, पदर पसरून म्हटलं, पोरी, राग धरू नकोस. ती माझा हात धरून म्हणाली, "आत्या, तू आत्या म्हणून लय ग्वाड हाईस. सासू म्हणून बगायची माजी छाती न्हाई."

हौसाच्या आजीची पट्टी सुटली तेव्हा तिला पहिलं काय दिसलं असेल तर मी. "ही पिवळी कोण?" म्हणाली. हौसानं सांगितलं, "व्हणारी सासू." म्हातारीनं मला बराच वेळ न्याहाळलं आणि एकच अडचण काढली, "ह्यांच्या भाताच्या मुलखात माज्या नातीला बाजरी मिळंल का?" दत्तू म्हणाला, "पाठीवर आणीन." तेवढ्यावर ठरलं. रजा संपायच्या आत आटपाडीला लग्न लागलं. माझ्या अंगाची हळद तोवर उतरली नव्हती; मांडवात दोन बायांनी मलाच नवरी समजून ओवाळलं.

आता हौसा सासूची सासू झालीय. गेल्या पावसाळ्यात माझ्या पोटात खरोखरच कळ आली. अंथरुणावर लोळले, कण्हले, देवाचं नाव घेतलं. दत्तूनं पेपरातून मान वर काढली नाही. हौसा तेवढी दारात आली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली,

"मावशी, आता घरात लग्नाचं कुनीबी ऱ्हायलं न्हाई."

मग काय करणार? निमूट उठले आणि बरी झाले.